न मागितलेली पडवी

सालगड्याचं वर्ष पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच सुरू होतं. भोर संस्थानात तेव्हा तरी तसं होतं. कामथडीपासून कोसभरावरच्या ज्या वाडीत मी आठ वर्षं काढली, तिथं तर गुढीपेक्षा बोलीचा दिवस म्हणूनच पाडवा जास्त ठाऊक. वर्षभर एका घरी राबलेला गडी त्या दिवशी आंघोळ करून मालकासमोर ओसरीवर बसायचा. आधी सरलेलं वर्ष निघायचं. कुठला बैल कुणाच्या हयगयीनं लंगडा झाला, कुठला पाट फुटला, जत्रेला एका दिवसासाठी गेलेला कोण तिसऱ्या दिवशी उगवला. मग पुढचं वर्ष. घोंगडी नवी की जुनीच, वहाणांचा जोड एक की दोन, दाणे किती, घरी जायला दिवस किती. हे सगळं चारचौघांत बोलून ठरायचं, कागद नाही, अंगठा नाही. त्याला बोली म्हणत.

या बोलीला आमच्याकडे एक रीत जोडलेली होती. बोली पक्की होईस्तोवर गड्यानं मालकाच्या घरचं पाडव्याचं जेवण जेवायचं नाही. जेवला, की जुन्याच बोलीवर साल धरलं असं समजायचं. मग पुढल्या पाडव्यापर्यंत काही मागायचं नाही. त्यामुळे घराघरांत पोळ्या सकाळीच लाटून व्हायच्या आणि गडी दुपार कलली तरी उपाशीपोटी घासाघीस करत बसायचे. आतून पुरणाचा वास यायचा. काही मालक मुद्दाम माजघराचं दार उघडं ठेवतात, असं गडी म्हणायचे. खरं-खोटं देव जाणे.

मी आज भोरात राहतो. माझं काम निराळं आहे आणि पाडव्याला माझ्याशी बोली करणारं कुणी नाही. तरी फाल्गुन निम्मा सरला की माझं मन आपोआप ओसरीवर जाऊन बसतं. काय केलं, काय बिघडवलं, पुढं काय करणार. दर साली हे विचारणं होतं, आणि दर साली ते एकाच वर्षापाशी येऊन अडतं. ते एकदा लिहून काढावं म्हणून बसलो आहे.

मूळचा मी वेल्ह्याकडचा. डोंगरमाथ्यावर आम्हा धनगरांची सात-आठ घरं होती, त्यांतलं एक आमचं. डोंगर उतरून खालच्या गावात शाळा होती. मी तिसरीत होतो तेव्हा बाप गेला, आणि शेरडांमागं जायला कुणी उरलं नाही म्हणून शाळा सुटली. मास्तर एकदा घरापर्यंत चढून आले होते. आईनं त्यांना ताक दिलं आणि म्हणाली, "पोरगं हुशार हाय म्हनता, ते खरं असंल. पन शेरडं हुशार न्हाईत, त्यांच्यामागं माणूस लागतं." मास्तर ताक पिऊन उतरले. पुढं आईही गेली. जाण्याआधी तिनं एक काम उरकलं होतं, माझं लग्न. पलीकडच्या माथ्यावरची मुलगी. तेव्हाच्या रीतीप्रमाणं दोघंही पोरंच होतो. मुंडावळ्या टोचत होत्या एवढंच मला लग्नातलं आठवतं. मुलगी बापाच्या घरी राहिली. मोठी झाली की आणायची.

आईमागं चुलत्यानं आमची शेरडं आपल्या कळपात मिसळून घेतली आणि मला दीड दिवस चालवत खाली आणून एका मळेकऱ्याच्या दारात उभं केलं. म्हणाला, "पोरगं गरीब हाय. खातंय कमी." चुलत्यानं माझ्याबद्दल चांगलं असं तेवढंच कधी सांगितलं असेल.

त्या मळेकऱ्याला सगळे आण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्या बायकोला काकी. माणसं वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझ्याच तोंडून त्यांच्यावर काय आलं ते यायचं आहे. आलो त्याच पावसाळ्यात मला हिवतापानं धरलं. बैलांना वैरण टाकता टाकता गव्हाणीतच पडलो. आण्णांनी ऐन भांगलणीत गाडी जुंपली, माझ्यावर स्वतःचं घोंगडं टाकलं आणि भोरच्या दवाखान्यात नेलं. चार दिवस तिथं मुक्काम केला. पिकातलं तण वाढलं, शेजारी हसले. "गडी सांभाळतूय का पावना?" म्हणाले. आण्णा म्हणाले, "आईबापाविना पोर हाय. मेलं तर कुनाला कळवू?"

हे वाक्य मी आठ वर्षं अंगावर वागवलं. कुणी प्राण वाचवला की त्याच्यापुढं आवाज निघत नाही. काहीही मागायचं मनात आलं की मला ते घोंगडं आठवायचं. दर पाडव्याला आण्णा विचारायचे, "काय रं, काय म्हननं?" आणि मी म्हणायचो, "तुमी म्हनाल तसं." ते खूश व्हायचे. गावात सांगायचे, आमचा गडी बघा, तोंडातून शब्द न्हाई. मला ती शाबासकी वाटायची.

आणि धास्तीही होतीच. फाल्गुन लागला की वर्षभरात हातून काय काय झालं ते मी मनात उलगडत बसायचो. मोटेची चामड्याची सोंड दगडाला घासून फाटली ती माझ्या हातून. गंजीला पाणी लागलं ते माझ्यामुळं. आण्णांनी त्या त्या वेळी दोन शिव्या देऊन विषय सोडलेला असायचा, पण मला वाटायचं, पाडव्याला निघणार. या वर्षी नको म्हणणार. मग जायचं कुठं? वर माथ्यावर तर माझं काहीच उरलं नव्हतं. होती ती बायको, आणि ती बापाच्या घरी.

मी तेविशीत होतो त्या वर्षीची गोष्ट. शिमग्याच्या आधी नसरापूरच्या बाजारात सासरे भेटले. त्यांना मी मामा म्हणायचो. लोकर आणि तूप घेऊन ते उतरले होते, आणि त्यांच्यामागं डोक्यावर पाटी घेऊन ती उभी होती. दोन-तीन वर्षांनी बघत होतो. उंच झाली होती, माझ्याहून बोटभर उंचच असेल.

मामांनी फार घोळ घातला नाही. "जावईबापू, पोर अठराची झाली. लोक तोंडावर इचारत्यात. तुमी तर बैलाशेजारी निजता. तिला काय बैलाशेजारी निजवू?"

मी मान खाली घातली.

"पाडवा येतूय. मालकाशी जोडीची बोली करा. तुमी रानात, ती खळ्यात, शेणकुरात. ऱ्हायाला येक आडोसा मागा. लई जन करत्यात तसं. आखितीपातुर निरोप धाडा, आमी पोर पोचती करतू. न्हाई जमलं तर तसं सांगा. मग आमाला आमचं बघाय लागंल."

बघाय लागंल म्हणजे काय, ते मला समजलं. आमच्यात काडीमोड होऊन दुसरा पाट लावायला काही अडचण नसते.

तेवढ्यात ती मागून बोलली. बापाच्या देखत, भर बाजारात. "गोठ्याला लागून पडवी काडली तरी चालंल म्हनावं. शेणामातीचा कूड म्या घालीन. काय मालकाच्या माजघरात ऱ्हाया मागत न्हाई मी."

मामा म्हणाले, "गप ए."

"गप काय? त्यांना पाठ करायला बरं पडंल."

ती हसली नाही, पण डोळ्यांत काहीतरी होतं. मला तिनं ओळखलं होतं, आणि तरी रागावली नव्हती. मी परत येताना सगळी वाट ते वाक्य घोकत आलो. गोठ्याला लागून पडवी. कूड आम्ही घालू.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी बोलीची तालीम केली. मोट हाकताना बैलांना सांगायचो, "आण्णा, येक मागनं हाय." बैल कान हलवायचे. कधी सुरुवात घोंगड्यापासून करायचो, कधी मामांच्या निरोपापासून. शेजारच्या मळ्यात एक म्हातारा गडी होता, त्याला आम्ही तात्या म्हणायचो. तीस सालं त्यानं वेगवेगळ्या घरी धरली होती. तो बांधावरून ऐकायचा आणि खिदळायचा.

"बैलाला बायकू मागतूस का रं?"

"न्हाई तात्या. पडवी मागतूय."

"मग आण्णाला माग. बैल दील का पडवी?" मग जवळ येऊन म्हणाला, "हे बघ, येक ध्यानात ठिव. पाडव्याला घराच्या आत पाय टाकू नगंस. ओसरीवरच बस. काकी बोलवल, पोरं बोलवतील, देव जरी बोलवला तरी म्हन आधी बोली. तू असला मऊ माणूस, तुला पुरणाच्या वासानंच साल धरवत्याल."

मी म्हणालो, मला ठाऊक आहे. आणि मला ठाऊक होतंच.

पाडव्याला मी अंधारात उठलो. बैल धुतले, शिंगांना हिंगूळ लावला. स्वतः आंघोळ केली. धुतलेली बंडी घातली. ओसरीच्या कडेला, पायरीजवळ, खांबाला टेकून बसलो. आण्णांनी गुढी उभारली, मला कडुलिंबाची चटणी दिली, ती मी खाल्ली. चटणी जेवणात धरत नाहीत. तेवढ्यात देवळापाशी जोशीबुवा पंचांग वाचायला बसले म्हणून निरोप आला. वर्षफल ऐकायला आण्णा निघून गेले. पाऊस किती, धान्य महाग की स्वस्त, राजाला सुख आहे का, हे ऐकल्याशिवाय त्यांचा पाडवा व्हायचा नाही. जाताना म्हणाले, "आलोच. मग बसू."

मी बसून राहिलो. ऊन ओसरीवर चढलं. बाजूच्या घरांत बोली पक्क्या होऊ लागल्या होत्या, एका घरातून भांडणाचा आवाज येत होता. मी ओठांतल्या ओठांत म्हणत होतो, गोठ्याला लागून पडवी.

मग काकी दारात आल्या. "अरं ये आत. पान मांडलंय तुजं."

"आण्णा येऊद्यात."

"त्यांचं वर्षफल संध्याकाळपातुर चालंल. ये. आत ये, माजघरात."

इथं मला थांबून सांगितलं पाहिजे. सात वर्षांत मी त्या घरात माजघरात कधी जेवलो नव्हतो. माझी भाकरी गोठ्यात यायची, सणाला ओसरीवर. त्या वर्षी त्यांच्या पांढऱ्या बैलाला खुरकूत झाली होती आणि मी महिनाभर त्याची जखम धुतली, त्याच्याजवळ जागलो, बैल वाचला. काकी म्हणाल्या, "बैल नव्हता तो, माझा ल्योक हुता. वरीसभर तू राबलास. आज घरच्यासारखा आत बस. पयलं पान तुजं."

पहिलं पान. मालकाच्या आधी. मी उठलो कसा, उंबरा ओलांडला कसा, मला आठवत नाही. पाटावर बसलो. समोर केळीचं पान होतं, भोवती रांगोळी होती. माझ्या पानाभोवती तोवर कुणी रांगोळी काढली नव्हती. काकींनी पोळीवर तूप वाढलं. माझे डोळे भरून आले आणि मी घास घेतला.

घास गिळल्यावर मला समजलं.

तरी तेव्हाही उठता आलं असतं. तात्या असता तर उठला असता, पानावरून उठून हात धुऊन ओसरीवर जाऊन बसला असता, गाव हसलं असतं तर हसलं असतं. मी दुसरी पोळी खाल्ली. मी ती पानात ठेवलीही नाही, याची मला पुढं फार दिवस लाज वाटली.

आण्णा आले. मला आत बघून दारातच थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "झालं! आमचं साल झालं! बाकीच्या घरात बघा, भांडत्यात बाजारातल्यावानी. आपल्यात ते न्हाई." माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसलो.

काकींना माहीत होतं का? हा प्रश्न मी अजून विचारतो स्वतःला. मळ्यात मी मोठ्यानं तालीम करत होतो, भाकरी घेऊन त्या येत असत. ऐकलं असेल. ऐकलं असेल आणि म्हणूनच रांगोळी काढली असेल. किंवा काहीच ऐकलं नसेल, आणि मनापासून काढली असेल. दोन्ही मला सारखंच टोचतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एकदा धीर केला. रीत मोडली तर मोडली. आण्णा बांधावर बसून तंबाखू मळत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"आण्णा."

"काय रं?"

"येक मागनं हुतं."

"बोल की. काय पायजे?"

त्यांनी वर बघितलं. इतक्या सहज, इतक्या मायेनं बघितलं. मी म्हणालो, "दावं पायजे हुतं. पांढऱ्याचं तुटाया आलंय."

"मग घे की खुंटीचं. त्याला काय इचारायचं!"

मी दावं घेऊन आलो. पांढऱ्याचं जुनं दावं चांगलं मजबूत होतं.

अक्षय्य तृतीया आली आणि गेली. मी वर निरोप पाठवला नाही. काय पाठवणार? मागितलं असतं आणि नाही म्हणाले असते तर तसं तरी कळवलं असतं. मी रोज ठरवत होतो, उद्या बोलतो. ज्येष्ठात, पेरणीच्या आधी, मी ढेकळं फोडत होतो तेव्हा मामा आले. बरोबर आमच्या जातीचे दोन पंच होते. तिघंही बांधावरच उभे राहिले, रानात उतरले नाहीत. आणि मामांनी मला जावईबापू म्हटलं नाही.

"आखिती झाली," ते म्हणाले.

"व्हय."

"मागितलंस का मालकाला?"

तिघं माझ्याकडे बघत होते. मागितलंच नाही, असं म्हणायला हवं होतं. ते म्हणणं म्हणजे, मला तुमची मुलगी तोंड उघडण्याइतकीही नको होती, असं म्हणण्यासारखं होतं. आणि तसं नव्हतं. ते समजावून सांगायला मला दिवस लागला असता, घोंगड्यापासून सुरुवात करावी लागली असती.

मी म्हणालो, "मागितलं. न्हाई म्हनले."

"सरळ न्हाई म्हनले?"

"व्हय. जागा न्हाई म्हनले."

एक पंच थुंकला. "मानूस हाय का धोंडा? येवढा मळा हाय आन् पडवीपुरती जागा न्हाई?"

मामांनी बांधावरच्या वाळल्या गवताची एक काडी उपटली आणि माझ्यापुढं धरली. "कर मोकळी पोरीला."

मी हातातली कुदळ खाली ठेवली, हात बंडीला पुसले, काडी घेतली आणि मोडली. गवताची काडी ती. मोडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. पंचांनी दोन्ही तुकडे नीट बघितले, मोडलीय ना म्हणून, आणि ते निघाले. मी त्यांना पाणी विचारलं. नको म्हणाले.

श्रावणाआधी तिचा पाट लागल्याचं बाजारात समजलं. तिकडचाच मेंढपाळ, शंभरेक मेंढरांचा धनी. सांगणारा माणूस डोळा मिचकावून म्हणाला, "सुटलास गड्या. ती लई बोलती."

मी म्हणालो, व्हय.

ते वर्ष मी नेहमीपेक्षा जास्त राबलो. सांगितलेलं काम संपलं की न सांगितलेलं करायचो. आण्णांवर मी खोटा आळ घातला होता, तो कष्टानं फिटेल असं मला वाटत होतं. आण्णांना काहीच ठाऊक नव्हतं. ते म्हणायचे, "अरं जरा बस." मी बसायचो नाही.

माघात डोंगरावरची मेंढरं खाली उतरू लागली. सुगी झाली की मेंढपाळ कळप घेऊन येतात आणि मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. चार-आठ दिवस रात्री कळप एका रानात बसला की लेंडीनं ते रान असं खतवतं की पुढच्या वर्षी पीक डोळ्यांत भरतं. मेंढपाळाला दाणे मिळतात, मळेकऱ्याला खत. आण्णांच्या रानात दर साली एकच वाडा, म्हणजे मेंढपाळांचा कळपासकटचा तळ, बसायचा, वेल्ह्याकडचा. त्या वर्षी तो वाडा आला, आमच्या बांधावरून गेला आणि पलीकडं तात्याच्या मालकाच्या रानात बसला. आण्णा धावत गेले. मेंढपाळांनी त्यांच्याकडे पाठ केली. दुसरा वाडा वरव्याच्या बाजूनं आला, तोही थांबला नाही. आण्णा दाणे वाढवून द्यायला तयार झाले, तरी कुणी ऐकेना.

ते घरी येऊन ओसरीवर बसले. काकींना म्हणाले, "म्या यांचं काय वाकडं केलंय?"

मी खांबाआड वैरण तोडत होतो. विळा चालूच ठेवला.

आणि पाडवा आला. त्या वर्षी जोशीबुवांकडे आण्णा गेले नाहीत. सकाळीच ओसरीवर बसले, तात्याचा मालक आणि आणखी दोघं-तिघं होते. मीही पायरीपाशी बसलो. त्या वर्षाचं काय काय निघेल ते मी रात्रभर मोजलं होतं. मोट, गंज, पाट. त्यातलं काहीच निघालं नाही.

आण्णा म्हणाले, "बाजारात मेंढकं काय म्हनत्यात ठावं हाय का तुला? म्हनत्यात, म्या तुजा संसार मोडला. तू जागा मागितलीस, म्या दिली न्हाई. कवा मागितलीस रं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरंच आठवत होते. आपणच विसरलो की काय, असं त्यांना वाटत होतं.

"मागितली न्हवती, आण्णा," मी म्हणालो. "म्या खोटं बोललो त्यांना."

तात्याचा मालक हसला. "आरं तिच्या!"

आतल्या दारात काकी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. आण्णा म्हणाले, "का न्हाई मागितलीस?"

"तुमी मला भोरला न्हेलं हुतं."

ते त्यांना समजलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी तंबाखूची चंची उघडली, पुन्हा बांधली. मी विचारलं. आठ वर्षांत मी त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. "आण्णा, मागितली असती तर दिली असती?"

खोटं बोलता आलं असतं त्यांना. चारचौघं होते. दिली असती की, असं म्हणून ते मोठे झाले असते आणि मी आयुष्यभर जळत राहिलो असतो. पण ते खरे माणूस होते. विचार करून म्हणाले, "न्हाईच म्हनलो असतो बहुतेक. जोडी म्हंजी दोन पोटं. मग पोरं. येकटा गडी बरा पडतू."

मी मान हलवली. मला हलकं वाटायला हवं होतं. म्हणजे माझं खोटं खरंच होतं, फक्त विचारायचं राहिलं होतं. पण हलकं वाटलं नाही. नाही म्हणाले असते तर मी त्याच दिवशी दुसऱ्या दारात गेलो असतो, असंही वाटलं. आणि गेलो नसतो, हेही ठाऊक होतं.

त्या पाडव्याला मी बोलीत एकच गोष्ट मागितली. चार दिवस. वर जाऊन आण्णांवरचा आळ काढून यायला. आण्णा म्हणाले, "जा. आन् मेंढरांचं बी बघ."

चैत्रात मी डोंगर चढलो. मामा घरापुढं बसून चातीवर लोकर कातत होते. बस म्हणाले नाहीत, पण ऊठही म्हणाले नाहीत. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "मामा, त्या दिशी म्या खोटं बोललो. आण्णांनी न्हाई म्हनलं न्हवतं. म्या इचारलंच न्हवतं."

चाती फिरत राहिली. "ठावं हाय," ते म्हणाले.

"कुनी सांगितलं?"

"काडी मोडून आमी वर आलो. पोरीला म्हनलं, बाई, मालकच न्हाई म्हनला, त्याचा काय विलाज न्हवता. ती म्हनली, त्यांनी इचारलंच नसंल." मामांनी सूत गुंडाळलं. "रडली बिडली न्हाई. भाकरी थापत हुती, ती थापून झाली आन् उठली."

मी विचारलं, "मग तुमी आण्णांच्या रानात मेंढरं का न्हाई बसवली? त्यांचा तर काईच गुन्हा न्हाई."

"पंचांनी जे आयकलं ते पसरलं. म्या खोडलं न्हाई. काय सांगू लोकांना, जावयाला तोंड न्हवतं म्हनून? त्यापरीस मालकच धोंडा बरा." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "आन् तुजा मालक कसा का असंना. रानात मेंढरं बसवायची म्हंजी आठ दिस तुजं तोंड बघायचं. कळपाबरुबर तिचा दादला असतू, कवा ती बी असती. तू हाईस तवर त्या रानात आमची मेंढरं बसायची न्हाईत."

मी आल्या वाटेनं उतरलो. चार दिवसांतला एक उरला होता. आण्णा मळ्यातच होते, पांढऱ्याला पाणी दाखवत होते. मला बघून म्हणाले, "काय म्हनले? येत्याल का यंदा?"

सगळं सांगितलं. मामा काय म्हणाले, ती काय म्हणाली, मेंढरं का येत नाहीत. हे सांगताना मी अडखळलो नाही. शेवटी म्हणालो, "आण्णा, दुसरा गडी बघा. म्या हितं न्हाई म्हनल्यावर मेंढरं बसतील."

मनात होतं ते लिहितो. मला वाटत होतं, ते म्हणतील, गेली मेंढरं खड्ड्यात, तू कुठं जातूस. आठ वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघत होतो बहुतेक.

पांढऱ्यानं पाण्यातून तोंड वर काढलं. आण्णांनी त्याच्या मानेवर हात फिरवला. "बरं," ते म्हणाले. "मातुर पेरनी करून जा. नव्या गड्याला ह्यो बैल आवरायचा न्हाई."

मी पेरणी केली. त्या वर्षी वाफसा चांगला मिळाला, तिफण सरळ चालली. शेवटची पाभर उचलली त्या दिवशी काकींनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली. ती मी घेतली आणि भोरच्या रस्त्याला लागलो.